पेरांवर मोजलेलं घर

मुलुंड, रविवार

आई, तुला नि बाबांना जय भीम.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितेय. मावशीकडे मजेत आहे, पोटभर जेवते. सम्यकदादाचा खोकला गेला का?

जपानीने मात्र डोक्याचा पार भुगा केलाय गं. चारला शब्द किती! नुसता चार वेगळा, घड्याळातला वेगळा, पेरू मोजायचा आणखी वेगळा!

काल क्लासच्या बाईंनी जपानीत विचारलं, घरी माणसं किती? मी तुझ्यासारखी अंगठ्याने पेरं मोजायला लागले. बाई म्हणाल्या, "बोटं काय चोळतेस? जपानात बोटं मिटून मोजतात."

तू, बाबा, दादा, मी. चार म्हणाले. बरोबर आलं.

पण नोकरीला तिकडे गेल्यावरही चारच सांगायचं ना गं?

उत्तर पाठव.

तुझी चेतना