हव आणि हवं

आई, आज तुझ्या पुरणपोळीनं एका पोरीचं काम वाचवलं.

मी काय करते ते तुला कधी नीट सांगता आलं नाही. रायपूरच्या तेलीबांध्यातल्या आमच्या केंद्रात मनानं खचलेली माणसं येतात, छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, आपली वऱ्हाडी. कलाकार मंडळी त्यांच्याकडून मातीकाम, चित्रं, गाणी करून घेतात आणि माणसं हळूहळू बोलती होतात. ऐकून ऐकून हे कलाकारही थकतात. त्यांचं ऐकायला मी.

मातीकाम घेणारी वर्ध्याची नवी पोर गेल्या आठवड्यात रडतच माझ्यापुढे बसली. नवरा गेल्यापासून गप्प झालेली एक छत्तीसगढी बाई मातीचं घर करत होती. घराचं दार करता करता ती थांबली तसं हिनं विचारलं, "दीदी, बस करें?" बाई म्हणाली, "हव." म्हणजे हो. हिच्या मराठी कानांना ऐकू आलं "हवं". हिनं मातीचा आणखी एक गोळा पुढे ठेवला. बाई उठून गेली ती परत आलीच नाही.

"ताई, ती बस म्हणून राहिली होती अन् मी जबरदस्ती करून राहिली होती. मले नाही जमत हे. मी वर्ध्याले चालली."

मग तुझी गोष्ट सांगितली. लग्न होऊन तू नुकती रायपूरला आलेलीस, शेजारची छत्तीसगढी काकी जेवायला बसलेली. तू विचारायचीस, "बस का?" ती म्हणायची, "हव." की पडली आणखी एक पोळी, वर तूप. पाचव्या पोळीला काकीच्या डोळ्यांत पाणी. खरी गोष्ट कळल्यावर दुसऱ्या दिवशी तू तिच्या दारात गेलीस, "मले समजलंच नाही," म्हणालीस, आणि जन्माची मैत्रीण मिळवलीस.

पोर रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी ती त्या बाईच्या दारात गेली आणि "चूक माझ्या कानांची," म्हणाली. आज बाई आली. तिनं स्वतःच गोळा उचलला, अर्धा मोडून परत ठेवला. "अतके बस," म्हणाली आणि कामाला लागली. मी दाराआडून पाहत होते. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लहानपणी मी ही गोष्ट पाहुण्यांपुढे नकला करून सांगायचे. एकदा तू झारा आपटून म्हणालीस, "माह्या चुकीचा तमाशा काहून करून राहिली?" पुन्हा सांगणार नाही असं तेव्हा कबूल केलं होतं. आता तू नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. मनातल्या मनात तुझी परवानगी घेतली, तू "हव" म्हणालीस, असं लिहायचं ठरवलं होतं. पण विचारलंच नाही, आई. तू नको म्हणाली असतीस तर?