पान एकशे बारा

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. तुझी मान कशी आहे? इतकी वर्षं कॅमेऱ्यांची ओझी वाहिलीस, ती कधीतरी कुरकुरणारच. तुझ्या दाजींची पाठ थंडीत धरते, पण बॅगदुरुस्तीचं दुकान रोज वेळेवर उघडतात. आमच्या वाचनालयाचं गळकं छत एकदाचं दुरुस्त झालं.

हे झालं कुशल. आता तू खारूला पाठवलेल्या पुस्तकांविषयी.

कडे चढायला आणि चढताना फोटो काढायला शिकायचंय, तर कुठली पुस्तकं घेऊ, असं तिने तुला विचारलं. सव्वीस वर्षं पुस्तकं निवडणारी आई घरात असताना पोरगी मामाला विचारते, याचं मला वाईट वाटलं नाही. मामा नावाजलेला, आई शिक्के मारणारी.

सहा पुस्तकं आली. मी ती वाचनालयात नेली आणि कुठलंही नवं पुस्तक तपासते तशी तपासली. पहिल्यातल्या आकृत्या अशा, की उजवा हात कुठला नि डावा कुठला कळू नये. दुसऱ्यात दाखवलेली साधनं आता कुणी वापरत नाही. तिसऱ्यात पानोपानी सूर्यास्त. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढणाऱ्याने स्वतःला कशाशी बांधून घ्यायचं, याबद्दल चकार शब्द नाही. चौथं चांगलं आहे, ठेवून घेतलं. पाचव्याचं पुढे लिहिते.

सहावं तुझं. नऊ वर्षांपूर्वी ते वाचनालयात आलं तेव्हा मीच त्यावर क्रमांक चिकटवला, मीच ते कपाटात ठेवलं. उघडलं मात्र कधी नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

खारूने उघडलं. हातात पेन्सिल घेऊन वाचलं. आणि गेल्या रविवारी जेवताना तिने विचारलं, "बाबा, पान एकशे बारावर मामाने लिहिलंय ते तुम्हीच ना? 'अनुभवी माणसाने स्वतःची गाठ तपासली नाही आणि तो तीस फूट खाली आला.'"

ह्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हो. तपासायचं राहून गेलं."

"इतकी साधी गोष्ट?"

"साध्याच गोष्टी राहतात, बाळ."

तिने बापाकडे पाहिलं ते कीव केल्यासारखं. हा माणूस दप्तराच्या पट्ट्याला टाका घातला तरी तीनदा ओढून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही.

तुला कुणी सांगितलं होतं रे ते लिहायला? म्हणशील, ताई, तुझ्यासाठीच. हॉस्पिटलच्या वाटेवर तू माझ्या कानात म्हणालास, "गाठ सुटली म्हणायचं. बाकी तू काही बोलू नकोस." मी मूग गिळून बसले, तो दोष माझा. पण घाबरलेल्या बहिणीला सावरायला एकदा बोललेलं खोटं वेगळं आणि नवशिक्यांना धडा म्हणून छापलेलं खोटं वेगळं. लोकांनी ते पान वाचून आपापल्या गाठी तपासल्या असतील. हरकत नाही. पण ज्याची गाठ पक्की होती, त्याला तू अडाणी ठरवलंस, आणि चार आवृत्त्या मिरवल्यास.

आपण दोघांनी अकरा वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते आता लिहिते. हे वर कड्यावर चढत होते. दोर माझ्या हातात होता. तू बाजूच्या कपारीतून कॅमेरा लावून ओरडलास, "ताई, इकडे बघ, जरा हस." मी बघितलं. हसले. केस डोळ्यांवर येत होते म्हणून दोर अडवणारा उजवा हात उचलला. तेवढ्यात ह्यांचा पाय निसटला. दोर माझ्या समोरून सळसळत गेला आणि मी हात परत नेईपर्यंत हे खालच्या खडकावर होते. गाठ कमरेला जशीच्या तशी होती. स्ट्रेचर घेऊन माणसं यायच्या आत तू ती चाकूने कापलीस.

सोमवारी दुपारी दुकानात मी हे सगळं खारूला सांगितलं, ह्यांच्यासमोर. हे माझ्यावर चिडले, कधी नव्हे ते आवाज चढवून. "मी निभावत होतो ना? कशाला बोललीस?" मी म्हटलं, "तुम्ही निभावत होतात, तेच मला सोसत नाही."

खारू रडली नाही. काउंटरवरचा एक लांब पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझा हात कुठे होता ते दाखव." मी दाखवलं. "आणि मग कुठे नेलास?" तेही दाखवलं. मग चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी तिने ते पाचवं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. एका म्हाताऱ्या प्रशिक्षक बाईने लिहिलेलं, साध्या कागदावर छापलेलं. फोटोच्या प्रकरणात एका वाक्याखाली खारूने रेघ ओढली होती: 'दोर धरणाऱ्याला फोटोसाठी कधीही हाक मारू नका, मी एकदा मारली होती.'

"मामाने हे वाचून पाठवलं असेल का?" तिने विचारलं.

मलाही तेच विचारायचंय. वाचून पाठवलं असशील, तर जे स्वतः सांगायची हिंमत नव्हती ते परक्या बाईच्या तोंडून सांगितलंस. न वाचता पाठवलं असशील, तर जिथे जीव टांगणीला लागतो अशा विद्येची पुस्तकं तू डोळे मिटून वाटतोस. दोन्हींतलं काहीही ऐकलं तरी माझा राग उतरणार नाही, पण उत्तर मला हवंय.

आणखी एक. पाचवी आवृत्ती महिनाअखेरीस छापायला जातेय असं तू लिहिलं होतंस. ते पान बदल. हाक कुणी मारली, हात कुणी उचलला, गाठ कुणी कापली, सगळं लिही. 'एक सहकारी' वगैरे नको, 'माझी बहीण' असं लिही. मी हसतानाचा तो फोटो तुझ्याकडे आहे, मला माहीत आहे. तो तिथे छाप. नाहीतर मी तुझं पुस्तक कपाटातून काढेन. पुस्तक बाद करताना आमच्या नोंदवहीत कारण लिहावं लागतं, आणि ते मी नीट अक्षरात लिहीन.

खारू येत्या शनिवारपासून त्या प्रशिक्षक बाईंच्याच वर्गाला जाणार आहे. पहिला महिना चढायचं नाही, नुसता दोर धरायचा. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली, "अजून नको." त्या 'अजून'वर माझे दिवस चाललेत.

दाजी तुला काही लिहीत नाहीत. तुझ्यावर रागावू नको म्हणून मला मात्र दोनदा सांगून झालंय. ते मी ऐकणार नाही.

तुझ्या हाकेला वळलेली आणि हात सोडलेली,
तुझी ताई