साधी गाठ

अहो,

नमस्कार. नातू सुखरूप आहे, तेव्हा आधी खाली बसा आणि मग पुढचं वाचा.

त्याच्या ज्या गोल पोटाला आपण बाळसं म्हणत होतो, ती त्याच्या जठरातली गाठ निघाली. ऑपरेशन करून काढली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी, गाठ साधी आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साधी होती तर एवढ्याशा जिवाचं पोट कशाला फाडलंत?" त्या बिचारीने माझा हात धरून सांगितलं, साधी म्हणजे कॅन्सरची नाही. मग मी तिला ते पुन्हा मोठ्याने बोलायला लावलं, सुनेला ऐकू जाईल असं.

गाठीत केस आणि हाडाचे तुकडे होते. बाळ आईच्या पोटात वाढतानाच क्वचित असं होतं म्हणे, कुणाचा दोष नसतो. शेजारच्या काकूंना यातलं काही सांगू नका, त्या सुनेच्या डोहाळ्यांपर्यंत जातील.

तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना? जेवता ना नीट?

आतली जखम भरेपर्यंत दूध बंद होतं. तो भुकेने किंचाळायचा आणि सून भिंतीकडे तोंड करून बसायची. मी तिला दटावायची आणि मग बाहेर जाऊन उभी राहायची.

आज चमच्याने थोडं दूध दिलं. आम्ही दोघी उलटीची वाट बघत बसलो. उलटी झाली नाही. ढेकर मात्र दिला, अगदी तुमच्यासारखा, लाज सोडून. सून हसता हसता रडायला लागली. या वेळी नाही दटावलं.

काळजी करू नका, ती करायला मी आहे इथे.

तुमचीच,
बाळाची आजी