कोंग ड्रोसिलाचे गुरुवार

१२ फेब्रुवारी, सोमवार

हात भाजला. चहाचं आधण उतरवताना उभ्या उभ्या डोळा लागला — खरंच! गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा जाग आली. मनगटापासून वर सगळं लालभडक. एकजण म्हणाला, "कोंग, अहो ताई, घरी जाऊन झोपा जरा."

घर दुकानाच्या मागेच आहे. तिथे मेई आहे, माझी आई. तिथे कसली झोप!

१३ फेब्रुवारी

फोड आलेत. भाजलेल्या हाताने मेईची कूस बदलणं म्हणजे — जाऊ दे. बदलली नाही तर तिच्या पाठीला जखमा होतात. उजवं अंग लुळं पडलं त्याला वर्ष होऊन गेलं. बोलणंही गेलं. आपली आपण इंचभर हलत नाही. डोळे तेवढे आधीचेच, सगळ्यांत खोट काढणारे.

रात्री परत उठायचंय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

वळणावर पेटी मांडून क्वाय, म्हणजे पान-सुपारी, विकणारी कोंग ड्रोसिला आज आमच्या घरात आली! मी आ वासून बघतच राहिले. कधीकाळी मेईचं डुक्कर तिच्या भोपळ्याच्या वेलात शिरलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर आल्या की पिंक टाकायच्या — एक रस्त्याच्या या कडेला, दुसरी त्या.

तिने माझा हात बघितला. कमरेची किल्ली काढून पुढे केली.

"माझ्या घरी जा. खाट आहे. संध्याकाळपर्यंत पड."

"आणि मेई?"

"मी बसते. गुरुवारी सकाळी मोठ्या बाजारातून पान-सुपारी आणते, दुपारी पेटी बंदच असते माझी."

"पण तुमचं दोघींचं तर —"

"म्हणून तर आले, बाई! आता मी बोलणार आणि ती ऐकणार. असा मोका परत कुठला?"

मेईने डावा हात उचलला. हाकलायलाच असणार!

गेले. झोप येईना. परकं छप्पर, परकी उशी. पडून राहायची लाज वाटायला लागली. शेवटी उठून तिची भांडी घासून ठेवली.

१६ फेब्रुवारी

दुकानाशी येऊन, भर गिऱ्हाइकांत — "बानिडा! माझी भांडी घासायला सांगितली होती का मी? झोप म्हटलं होतं, झोप! इतकं सोपं काम, तेही जमत नाही?"

सगळे हसले. मीसुद्धा.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

झोपले!! उशीला सुपारीचा वास होता. जाग आली तर गालावर लाळ, खिडकीत ऊन कलतं. आणि एकदम रडू कोसळलं. का ते कळलं नाही. कुणी हाक मारत नव्हतं, म्हणूनच बहुतेक.

घरी आले तर मेई रागाने लाल, आणि जमिनीवर चमचा पडलेला.

"फेकून मारला मला," कोंग ड्रोसिला खुशीत सांगत होती. "नुसतं भोपळ्यांचं नाव काढलं मी. म्हातारीचा नेम चांगला आहे गं."

वर्षभरात मेईने काही उचलून फेकलं नव्हतं. फेकण्यासारखं कुणी आलंच नव्हतं.

१ मार्च

झोपले.

८ मार्च, गुरुवार

आज उठून आल्यावर आम्ही तिघी बसलो. कोरा लाल चहा, कालचे तांदळाचे गोड पुखलेन. मेईच्या घशात अडकेल म्हणून कोंग ड्रोसिलाने तिला सुपारी दिली नाही, पानाला चुना लावून नुसतं ओठांवर फिरवलं. मेईने डोळे मिटून घेतले. एवढ्या महिन्यांत मला का सुचलं नाही हे! मी भात भरवते, औषध देते, चादर बदलते. जे लागत नाही ते द्यायला माझ्याकडे वेळच नव्हता.

निघताना मला म्हणाली, "गिऱ्हाइकं सोडून शेवटचं कुणाशी बोलली होतीस गं तू?"

भांडी आवरेपर्यंत आठवत होते. नाही आठवलं.

२५ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर कोंग सिलबी आली. थोरली बहीण. शाळेत शिकवते, गावाच्या त्या टोकाला राहते. येताना संत्री आणते आणि खुर्चीच्या कडेवर बसते.

"परक्या बाईच्या हवाली करतेस मेईला? आणि तू जाऊन झोपतेस? दिवसाढवळ्या?"

"मग तू ये गुरुवारी."

"मला शाळा आहे." संत्र्यांची पिशवी पुढे सरकवली. "आणि घर तुला मिळणार आहे, बानी. आपल्यात घर धाकट्या मुलीचं, आणि धाकटी तू आहेस. घर घ्यायचं तर आईपण घ्यावी लागते."

हे मेईसमोर! मेई भिंतीकडे बघत होती. मी कप विसळायला उठले. आई घ्यावी लागते म्हणे. मला कधी 'घ्यावी लागली' नव्हती ती. ती होतीच. मी फक्त दमलेय. दमलेय म्हटलं की लोक घराची किंमत सांगतात.

२९ मार्च, गुरुवार

कोंग ड्रोसिलाला सगळं सांगितलं. नाक उडवून म्हणाली, "घर मिळणाऱ्याने झोपायचं नाही, असं कुठल्या कोर्टाने सांगितलंय? मलापण घर मिळालंय, मी तर घोरते!"

आणि मेई हसली. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा आवाज. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, मग आम्हीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेईला इतक्या जोरात कशाचं हसू आलं, ते त्या दोघींनाच ठाऊक.

झोपायला गेलेच नाही आज. तरी थकवा नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

कोंग ड्रोसिला पायऱ्या चढून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. धाप लागलेली, ओठ निळसर.

"डॉक्टरला दाखवा ना."

"डॉक्टर काय सांगणार? पायऱ्या चढू नका. पायऱ्या चढल्याशिवाय ही म्हातारी भेटते का? जा, झोप तू."

किल्ली हातात कोंबली. मी गेले. झोपलेही.

१७ एप्रिल, मंगळवार

सकाळी वळणावरची पेटी उघडली नाही. हाका मारल्या. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

खाटेवर होती. पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलेलं. जिथे मी झोपायचे तिथेच.

सगळे म्हणत होते, देवाच्या घरी क्वाय खायला गेली. मेलेल्या प्रत्येकाला तेच म्हणतात. पण आज ऐकताना ती डोळ्यांसमोर आली — पाय पसरून बसलेली, चुना कमी पडला म्हणून देवाला सुनावणारी.

१८ एप्रिल

पुरलं. तिच्या बहिणीची माणसं गावाहून आली होती. मी अर्धा तासच थांबू शकले. मेईला सांगून गेले होते, बाजारात जाते.

कोंग सिलबीचा फोन. "मेईला अजिबात सांगू नकोस. धक्का बसेल. आता घरात मरण नको आपल्याला."

मरण घरात नाही, रस्त्याच्या वळणावर आहे. आज दोनदा समोरून गेले मी त्या रिकाम्या जागेच्या.

१९ एप्रिल, गुरुवार

मेई सकाळपासून डाव्या हाताने केस सारखे करत होती. उश्या लावून बसवून घेतलं. दाराकडे तोंड. मग वाट बघत बसली.

दुपार गेली.

"गावाला गेलीय बहिणीकडे," मी म्हटलं. मेईने घशातून आवाज काढला — न सांगता गेली? असा. चांगलीच चिडली होती. मी पाठ फिरवून डुकराचं मांस चिरायला घेतलं.

२६ एप्रिल, गुरुवार

परत तेच. केस, उश्या, दार.

संध्याकाळी भात भरवायला गेले तर तोंड फिरवलं. आडवं करायला गेले तर ढकललं मला. तिला वाटतंय मीच काहीतरी बोलून घालवून दिली! मी खाली जमिनीवर बसले. उठवेना. हाताची जखम भरून आलीय, पण पाय, कंबर, सगळं पुन्हा फेब्रुवारीसारखं.

कोंग सिलबीला फोन केला. "एक दुपार ये. नुसती बसायला." परीक्षा आहेत म्हणाली. आणि मग, "सांगितलं नाहीस ना तिला?"

३० एप्रिल

मेई जेवत नाही. चहाचे दोन घोट. बस.

खोटं मी बोलते आणि उपास ती करते.

३ मे, गुरुवार

सांगितलं. दुकान चालू होतं, तसंच सोडून आत आले, तिचा हात धरला. "मेई, कोंग ड्रोसिला गेली. गावाला नाही. गेली."

रडली नाही. मग हात सोडवून घेतला, भिंतीकडची खाटेची कड धरली आणि स्वतःला ओढायला लागली. पडेल म्हणून मी धावले. डोळ्यांनीच थांबवलं मला. थोडी सरकायची, धापा टाकायची, परत सरकायची — भिंतीला लागेपर्यंत. मग मोकळ्या झालेल्या जागेवर थाप मारली.

मी आडवी झाले. बाहेरून गिऱ्हाइकाने हाक मारली, "कोंग! चहा!" मेईने डावा तळवा माझ्या कानावर ठेवला.