पेट्रोल नेमकं कुठे अडलंय

२ मार्च, सोमवार
एटीव्ही सुरू होत नाही. चार जाड चाकांची ही मोटारसायकल थंडीभर शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आज बटण दाबलं तर नुसतीच खोकते.

पुढच्या सोमवारी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी, रविवारी, त्यांना टेकडीवरची लिंबाची बाग बघायचीय. सगळी झाडं त्यांनीच लावलेली, आणि सध्या बहर आहे. नंतर कित्येक महिने चढ चढणं बंद. 'मी नेतो तुम्हाला, एटीव्हीवरून,' असं मी जेवताना जाहीर करून बसलोय.

मेहुणा म्हणाला, मेकॅनिकला बोलावू. मुळीच नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून मला इंजिन कळत नाही की काय? ज्याने इतकी वर्षं नद्यांचे उगम शिकवले, त्याला एक नळी भारी पडणार?

३ मार्च, मंगळवार
पहाटे पाचला उठून कामाला लागणार होतो. साडेआठला उठलो. झोप पुरी झालेला माणूस चुका कमी करतो.

प्लग काढून पाहिला. ठिणगी पडते, पण प्लग कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाही. निदान पक्कं. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं उद्या.

४ मार्च, बुधवार
टाकीतलं शिळं पेट्रोल बदलायचं ठरवलं. नळी तोंडात धरून ओढलं. किंचित जास्तच ओढलं गेलं. दिवसभर पेट्रोलचे ढेकर. बायकोने गॅस पेटवायच्या आधी मला अंगणात उभं केलं. वर्गात पहिला बाक आपोआप रिकामा झाला.

नवं पेट्रोल भरलं. गाडी ढिम्म.

सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं, 'जावईबापू, झाली का?' म्हटलं, 'झाल्यातच जमा.' याला खोटं म्हणत नाहीत. धीर देणं म्हणतात.

६ मार्च, शुक्रवार
काल लिहिलं नाही. मनःस्थिती उत्तम होती, हात काळे होते.

कार्बोरेटर खोलला. आत एक पितळी जेट, त्याला केसाएवढं भोक, ते चिकट घाणीने बुजलेलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन साफ केलं. तिने सुईबद्दल विचारलं. विज्ञानासाठी त्याग करावा लागतो, असं मी म्हणालो. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

परत जोडलं तर पेट्रोल धो धो गळून थेट माझ्या बुटात. पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारा आतला तरंगा मी उलटा बसवला होता. कसा बसवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. (होतं. चित्रासकट. पण चित्र बारीक होतं.)

मेहुण्याने पुन्हा मेकॅनिकचं नाव काढलं. मी शेडचं दार आतून लावून घेतलं.

७ मार्च, शनिवार
तरंगा सुलटा बसवला. गळती बंद. गाडीही बंद.

दुपारी बायको शेडमध्ये आली, उलट्या बादलीवर बसली. म्हणाली, 'बाबा रोज विचारतात. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. त्यांना ऐन वेळी नाही म्हणणं मला व्हायचं नाही.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं, मलाही चढवता आला असता.

जमणार, म्हणालो. ती उठली, बादली सुलटी केली आणि गेली.

संकल्प: जमणार.

८ मार्च, रविवार, दुपार
जमलं!! टाकीला सरळ बाजूला ठेवलं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरलं, ती हँडलला उलटी टांगली, सलाईनसारखी, आणि नळी थेट कार्बोरेटरला. बटण दाबलं. धडाड! शेड धुराने भरली. मी थोडा नाचलो. म्हणजे शुक्रवारी धो धो वाहताना टाकीतली घाण खाली आली, आणि अडथळा आता टाकी आणि कार्बोरेटरच्या मधे कुठेतरी आहे. तो शोधायला अख्खा जन्म पडलाय.

हेल्मेट घालून सासऱ्यांना आणायला घरात गेलो. घरात कुणीच नाही. शेजारीण म्हणाली, 'ते ना? केव्हाच वर गेले.'

त्याच दिवशी, संध्याकाळ
बायको आणि मेहुण्याने त्यांना खुर्चीत बसवून, उचलून, थांबत थांबत वर नेलं होतं. मला हाक मारली होती म्हणे, तीनदा. इंजिनच्या आवाजात ऐकू आली नसणार. (तेव्हा इंजिन सुरू व्हायचं होतं. असो.)

तरीही गेलो. ताठ बसून, हॉर्न देत. सासरे झाडाखाली खुर्चीत होते, मांडीवर गळलेली पांढरी फुलं. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गाडी दोनदा फटफटली आणि गप्प झाली. बाटली रिकामी.

कुणी हसलं नाही. मेहुणा एका लिंबाचं बारकाईने निरीक्षण करू लागला.

निघताना सासरे म्हणाले, आता मी गाडीवरच बसणार. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मेहुण्याने मागून दोर धरला, बायको वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून बाजूने चालू लागली, ब्रेक सासऱ्यांच्या हातात. उतारावरून गाडी आपसूक निघाली. नुसता चाकांखालच्या खड्यांचा आवाज.

अर्ध्या वाटेत ते मान वळवून ओरडले, 'जावईबापू, उगाच नावं ठेवत होते हो हिला! काय झकास चालते! आणि आवाज म्हणून नाही!'

'त्यावरच तर आठवडाभर काम केलं,' मी म्हणालो. बायको आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मी जरा मागे होतो. खुर्ची डोक्यावर होती.