गरम गाडी बंद करू नये

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
९ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप अण्णांना आणि आईंना विनयचा साष्टांग नमस्कार. (आत्ताच गाडी चालवून आलो आहे. पाय अजून लटपटताहेत, त्यामुळे उभ्याने केलेल्या नमस्कारापेक्षा साष्टांग सोपा गेला.) साताऱ्यात पाऊस कसा आहे? आईंची सांधेदुखी कमी असेल अशी आशा करतो. अण्णा, तुमचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल तरच हे पत्र पुढे वाचा, नाहीतर आधी गोळी घ्या. नीलाची तब्येत उत्तम आहे. नववा महिना भरत आला तरी ती लायब्ररीत कामाला जाते, दोन माणसांचं जेवते आणि गाढ झोपते. माझी चौकशी इकडे कोणी करत नाही, म्हणून मीच कळवतो की माझं वजन सात पौंडांनी उतरलं आहे.

याचं कारण गाडी. नीलानं 'एक छोटीशी सेकंडहँड गाडी' घेतल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्यातलं 'सेकंडहँड' तेवढं खरं. आमच्या खाली राहणारा मुलगा नेव्हीत भरती झाला आणि जाताना ही बया तुमच्या कन्येच्या गळ्यात घालून गेला. चौदा वर्षांची, रंग टोमॅटोसारखा, दारं दोन, सिलिंडर आठ, आणि नाक इतकं लांब की मी सिग्नलला थांबलेला असतो तेव्हा ते चौकात पोचलेलं असतं. इकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे पैलवान गाडी. पैलवान आहे खरा, पण बिनभरवशाचा. आखाड्यात उतरला की समोरच्याला उचलून आपटतो, आणि एकदा दम खायला बसला की उठत नाही. गार असताना ही गाडी किल्ली दाखवताच गर्जना करते (वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरबाईंच्या कपाटातल्या बशा वाजतात, त्या स्वतः सांगत होत्या). पण तापलेली असताना बंद केली, तर पुन्हा निवेपर्यंत ढिम्म हलत नाही. किल्ली फिरवा, शिव्या द्या, स्तोत्र म्हणा, सगळं करून झालं आहे.

आता तुमचा जावई काय शिकतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. एखादं बेअरिंग किती फेऱ्यांनंतर मोडेल, कसं मोडेल आणि मोडताना सोबत आणखी काय काय मोडेल, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. असल्या माणसाला त्या गाडीत बसवणं म्हणजे विषांच्या अभ्यासकाला लग्नाच्या पंगतीत बसवण्यासारखं आहे. इतरांना इंजिनाचा आवाज ऐकू येतो, मला त्यात प्रत्येक नट आणि बोल्ट वेगवेगळा रडताना ऐकू येतो. नीला मात्र हिरवा दिवा लागला की पाय दाबते आणि माझी मान सीटला जाऊन चिकटते. मूळ दोष तुमचाच आहे, अण्णा (क्षमा असावी). सोळाव्या वर्षी मुलीला खंबाटकीच्या घाटात स्टिअरिंग हातात द्यायचं तुम्हाला काही नडलं होतं का?

आमच्या मराठी मंडळात यावरून दोन तट पडले आहेत. भरवशाच्या तटाचे पुढारी म्हणजे आमचे मित्र प्रताप. (नागपूरचे, स्टॅटिस्टिक्समध्ये आहेत, स्वभावानं गाईसारखे.) त्यांच्याकडे फिकट पिवळी जपानी गाडी आहे, शिवणयंत्राएवढाच आवाज करते आणि जन्मात कधी बंद पडलेली नाही. नीलाचं डोहाळजेवण त्यांच्याच घरी झालं. तिथे गुळाच्या पोळ्या खाताना ते म्हणाले, “वहिनी, गाडी कशी डिपेंडेबल पाहिजे यार. फास्ट काय करायचं आहे?” त्यावर तुमची कन्या म्हणाली, “प्रताप, तुमची गाडी पोचवते हो, पण पोचल्यासारखं वाटतच नाही.” सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला प्रतापना बाजूला घेऊन बाळंतपणाच्या दिवसासाठी त्यांची गाडी नक्की करायची होती. त्यांनी शब्द दिला. प्रतापनी दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पण नुसत्या शब्दावर विसंबेन तर मी कसला संशोधक? पर्यायी व्यवस्था हवीच, आणि ती म्हणजे मी. नीलाचं पोट आता स्टिअरिंगमागे मावत नाही, तेव्हा वेळ आलीच तर पैलवान मला हाकावा लागणार. लायसन्स माझ्याकडे आहे. (तिसऱ्या परीक्षेत मिळालं. परीक्षक निवृत्तीला आले होते.) म्हणून मी रोज संध्याकाळी घर ते हॉस्पिटल आणि परत अशी रंगीत तालीम सुरू केली आहे. स्टेडियमपाशी मला सायकलवाले मागे टाकतात. परत आल्यावर मी जिन्यात काही वेळ बसून राहतो. एकच फट राहते: तालमीवरून आलो की गाडी तापलेली असते आणि अर्धा तास चालू होत नाही. नेमक्या त्याच अर्ध्या तासात नीलाला कळा येण्याची शक्यता मी गणितानं काढली. इतकी नगण्य निघाली की कागदावरून खोडून टाकली.

पण अण्णा, खरं सांगतो, मला भीती वाटते. गणितातली नव्हे, पोटातली. या गाडीत काहीतरी मोडेल आणि त्या वेळी आत माझी दोन माणसं असतील, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. नीला माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तेव्हा उलट टपाली तिला जरा कडक शब्दांत लिहा की ही गाडी ताबडतोब विकून टाक. एवढं एकच मागणं. आईंना नमस्कार, शेजारच्या सुलभाकाकूंना आठवण सांगा.

आपला आज्ञाधारक
विनय

ता. क. १८ ऑगस्ट. वरचं पत्र पाकिटात घालूनही पोस्टात पडलं नाही, कारण मधे तुमची नात आली. तार मिळालीच असेल. तारेत 'दोघी सुखरूप' एवढंच मावलं, बाकीचं इथे लिहितो. रविवारी दुपारी प्रतापना एका नव्या विद्यार्थ्याच्या आईला आणायला न्यूयॉर्कच्या विमानतळावर जावं लागलं. (जी गाडी भरवशाची, तिच्यावर गावातल्या प्रत्येक सासूचा हक्क. हे माझ्या गणितात धरलंच नव्हतं.) ते नाहीत म्हणून मी घाबरून संध्याकाळची तालीम दुपारीच उरकली, परत आलो, गाडी बंद केली, आणि वर पाहतो तर नीला बॅग घेऊन जिन्यात उभी. “विनय, निघू या.” मी किल्ली फिरवली. ढिम्म. मी बॉनेट उघडून इंजिनाकडे नुसता पाहत राहिलो. इतक्या वर्षांचं शिक्षण, आणि डोक्यात एकच विचार की हे मी केलं.

कळ ओसरल्यावर तुमची कन्या म्हणाली, “अरे, अण्णा घाटात काय करायचे? इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक ना!” मला आमच्या प्रयोगशाळेतलं एकही यंत्र ओल्या फडक्यानं चालू झालेलं आठवेना, पण वाद घालायची वेळ नव्हती. तिनं बॅगेतून हाताला लागलं ते काढून दिलं. मी बागेच्या नळाखाली ते भिजवलं आणि इंजिनाच्या कुशीतल्या पंपाला गुंडाळलं. वाफ निघाली. दुसरी कळ येऊन गेली, नीलानं माझ्या मनगटावर नखं रोवली (व्रण अजून आहेत). मग किल्ली फिरवली आणि पैलवान गरजला. त्यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा पाय दाबला. नीला कळांमधून ओरडत होती, “अजून दाब!” आणि मी दाबत होतो. स्टेडियम कधी गेलं ते कळलंच नाही. डोळे मी उघडे ठेवले होते असं नीला म्हणते, मला खात्री नाही. हॉस्पिटलच्या दारात गाडी बंद करायची माझी छाती झाली नाही. ती तशीच चालू ठेवून आम्ही आत धावलो. बाळ झाल्यावर बाहेर आलो, तर एक म्हातारा रखवालदार तिच्याजवळ खुर्ची टाकून कौतुकानं इंजिन ऐकत बसलेला. माझ्या गणिताप्रमाणे ती केव्हाच बंद पडायला हवी होती. ती आमची वाट पाहत गुरगुरत उभी होती.

ता. ता. क. हे आईंना वाचून दाखवू नका. पंपाला गुंडाळलेलं फडकं म्हणजे आईंनी आपल्या जुन्या अंजिरी लुगड्याचं शिवून पाठवलेलं दुपटं. ते आता धुऊन काही उपयोग नाही. जमल्यास तसलंच दुसरं पाठवा. आईंना सांगा, पहिलं फार उपयोगी पडलं.

आणखी एक, आणि हेच खरं. वरचं कडक शब्दांचं पत्र लिहू नका. नीलानं स्वतःच लायब्ररीच्या फलकावर 'गाडी विकणे आहे' अशी चिठ्ठी लावली आहे. घरी आल्यापासून ती बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसते. टेबलांच्या कोपऱ्यांना तिनं कापूस बांधला आहे. काल बाळाला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तर पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावून ती उभी राहिली आणि रडली. म्हणाली, “काही झालं असतं तर?” हे वाक्य माझं आहे अण्णा, तिचं नाही. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला जी भीती वाटली, तेवढी त्या गाडीनं कधी घातली नव्हती. तेव्हा तिला एवढंच लिहा, की गाडी विकू नकोस. घरात घाबरायला एक माणूस पुरे आहे, आणि ते काम मी बरीच वर्षं चोख करतो आहे. मी सांगितलं असं मात्र लिहू नका, तिचा विश्वास बसायचा नाही.