शेवटचं रीळ

“घडलेलं बदलत न्हाई, बाई.” तंबू टॉकीजचे मालक ज्योतीराम हे वाक्य मला दोनदा म्हणाले. म्हणून जे घडलं ते न बदलता लिहिते. मी इंद्रायणी, भ्रतार कै. यशवंतराव, वय शेहेचाळीस, मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार चिंचवड. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. शरीर थकलं असलं तरी बुद्धी शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कुणाच्याही दडपणाखाली करत नाही.

राहत्या दोन खोल्या आणि परसातला आड हे माझ्या बहिणीची मुलगी शकू हिला द्यावं. तिने ते लग्नाआधी विकू नये. लग्नानंतर तर मुळीच नाही.

दीर रंगराव यांस यजमानांची चांदीच्या मुठीची काठी. “तंबूत ओरडणारी वहिनी आमच्या घराण्यात नको,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. आता त्यांचंही वय झालं. आधार लागेल.

निळ्या पुठ्ठ्याची वही ज्योतीराम यांस. सन १९५१ साली चाकणच्या बाजाराच्या मैदानात त्यांनी एक परदेशी बोलपट लावला होता, तिकडच्या एका खऱ्या राणीच्या आयुष्यावरचा. गावाला इंग्रजी कळेना, म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून कर्ण्यावरून अर्थ सांगत असे. तो अर्थ या वहीत आहे. शेवटच्या खेळाला राणीला वधासाठी नेऊ लागले, तशी कांदे विकणारी गोजाबाई पुढच्या रांगेत उठून उभी राहिली. “आरं, सोडा की तिला! लेकुरवाळी हाय ती!”

माझ्या तोंडून निघून गेलं, “राजाने माफी दिली. राणी माहेरी निघाली.”

ज्योतीरामांनी ते ऐकलं आणि शेवटचं रीळ लावलंच नाही. तंबूभर टाळ्या वाजल्या. सगळे गेल्यावर ते म्हणाले, “तुमच्यासाठी थांबलो. पन घडलेलं बदलत न्हाई, बाई.” मग मान खाली घालून म्हणाले, “माझ्यासंगं चला. गावोगावी असंच सांगा.”

मला रंगरावांचा चेहरा आठवला. मी नाही म्हणाले.

हो म्हणायला मला दोन वर्षं लागली. चाकणला त्यांच्या घरी गेले, तेव्हा चुलीपाशी नुकतीच लग्न होऊन आलेली त्यांची पत्नी चहा करत होती. मला दारापर्यंत सोडताना ज्योतीरामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी हळू. माझं जरीचं लुगडं त्या माउलीला द्यावं. तिने चहात साखर जास्त घातली आणि काही विचारलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर राणीचा खरा शेवट आहे. ते पान मी त्या रात्री वाचलं नाही. गोजाबाई अजून बाजारात विचारते, “बाई, तुमची रानी सुखात हाय न्हवं?” मी हो म्हणते. ती आहे तोवर ते पान कुणी तिला वाचून दाखवू नये.

ठिकाण चिंचवड, दिनांक १२ नोव्हेंबर १९५७.
सही : इंद्रायणी
साक्षीदार : दौलतराव, मुख्याध्यापक
यशोदाबाई, शेजारीण

आणखी एक कलम होतं. दौलतराव म्हणाले, “बाई, हे कायद्यात बसत नाही.” त्यावर यशोदाबाई म्हणाल्या, “मग सहीखाली लिहू द्या की! तिथं कुठं येतोय तुमचा कायदा?” म्हणून इथे लिहिते.

ज्योतीराम, तो बोलपट पुन्हा चाकणला लागेल. गोजाबाई विचारेल, अर्थ सांगणाऱ्या बाईंचं पुढं काय झालं? तेव्हा कर्ण्यावरून एवढंच सांगा, की ती पहिल्याच वेळी हो म्हणाली आणि तंबूबरोबर गेली. तुम्ही सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगा.